फरक शून्य

शिलाईच्या धंद्यात मास्तरांचा एकच सिद्धांत होता. देवानं माणूस वाकडा केला असला तरी कोट सरळ पडलाच पाहिजे. आणि तो पडायचा. ज्याचा डावा खांदा उतरलेला, त्याच्या डाव्या खांद्यात कापसाचा एक थर जास्त. ज्याला पोक, त्याच्या पाठीला कापड दोन बोटं लांब. ज्याचं पोट पुढे, त्याची बटणं अशा बेतानं लावलेली की ते पोट नसून ऐट आहे असं वाटावं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की खूश होऊन स्वतःकडेच बघत राही, आणि मास्तर ओठांत टाचण्या धरून गप्प उभे असत. लोकांचं व्यंग शिंप्यानं बघायचं असतं, बोलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या व्यंगाबद्दलही त्यांनी हेच धोरण ठेवलं आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

घराची पुढची खोली हेच दुकान. भिंतीला लागून कापायचं टेबल, खिडकीशी पायमशीन, आणि मशीनच्या उजव्या बाजूला खुर्चीत मास्तरांची बायको. गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. काजं, बटणं, तुरपाई, म्हणजे जे जे हातानं शिवायचं ते तिच्याकडे. मास्तर मशीन चालवत आणि जोडीला तोंडही चालवत. मास्तरीणबाई सुई चालवत आणि ऐकून घेत. महिन्याकाठी त्या एखादंच वाक्य असं बोलत की मास्तरांना ते पुढचे चार आठवडे पुरायचं.

मास्तरांना आठ वर्षांपासून साखर होती. तिच्याबद्दल ते एखाद्या गरीब भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलत. "आहे बिचारी एका कोपऱ्यात. तिचा मला त्रास नाही, माझा तिला नाही."

एकुलती एक लेक दोन गल्ल्या सोडून राहायची आणि पायांच्या दवाखान्यात नोकरी करायची. दिवसभर लोकांचे तळवे, टाचा आणि अंगठे बघून तिची नजरच अशी खाली गेली होती की घरात शिरली की आधी पाय बघायची, मग तोंड. जावई पसंत करतानाही हिनं आधी त्याचे बूट उलटे करून बघितले असणार, असं मास्तर सांगत. जावई यावर नुसता हसायचा, त्यामुळे ते खरंच असावं.

एका सकाळी ती दारात उभी राहून बापाचं चालणं बघत राहिली. मास्तर टेबलापासून मशीनपर्यंत गेले, मशीनपासून कपाटापर्यंत.

"बाबा, तुमचा उजवा पाय आपटतोय."

"सदतीस वर्षं मशीन चालवतोय. जोर आलाय त्याला."

"जोर आलेला नाही, गेलाय. साखरेनं पाय हळूहळू बधिर होतो. माणसाला कळत नाही, पण चालणं बदलतं. पाय उशिरा उचलला जातो, टेकतो कसाही. आमच्याकडे आता फोनवर मोजतात ते."

मग तिनं पर्समधून आपला जुना फोन काढला आणि समजावून सांगितलं. हा फोन कमरेशी घट्ट बांधून रोज चालायचं. प्रत्येक पावलाचा हादरा फोनला कळतो. कुठला पाय किती वेळ टेकला, किती जोरात टेकला, डाव्या-उजव्यात किती फरक आहे, सगळं तो टिपून ठेवतो. पंधरा दिवसांनी निकाल. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे पायाला धोका.

"म्हणजे फोन चालण्यावरून पाय ओळखतो," मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं? मी पँटीवरून ओळखतो."

ते खोटं नव्हतं. पँटीची कुठली बाजू झिजली हे बघून माणूस कुठल्या गुडघ्यानं रडतोय हे ते सांगू शकत. म्हणून तर ते फोन हातात घ्यायला तयार नव्हते.

लेक बापाची लेक होती. तिनं पैजेवर आणलं. "हिरवं आलं तर मी जन्मात परत तुमच्या पायाचं नाव काढणार नाही. लाल आलं तर पायमशीन बंद. मोटरचं मशीन आणायचं, ते डाव्या पायानं चालवायचं, आणि दिवसाला चार तासच. कबूल?"

पायमशीनवर त्यांचा पाय असा बसला होता की कॉलरच्या टोकाशी एक टाका अलीकडे म्हटलं की एक टाका अलीकडेच सुई थांबे. मोटरचं मशीन त्यांनी एकदा एका मित्राच्या दुकानात चालवून बघितलं होतं. दाबलं की ते उधळायचं. कापड पुढे आणि मास्तर मागे. त्या मशीनवर कोट शिवायचा म्हणजे आपण फक्त कापड धरायला ठेवलेला गडी, असं त्यांना वाटलं होतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर का नाही हे सांगावं लागलं असतं.

कारण मास्तरांना ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वीच त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या स्वतःच्या पँटीची उजवी मोहरी, म्हणजे पायाशी येणारा घेर, जमिनीला घासून झिजायला लागली होती. डावी नवीकोरी, उजवी झिजलेली. हे दुसऱ्या कुणाच्या पँटीवर दिसलं असतं तर मास्तरांनी मनातल्या मनात निदान करून टाकलं असतं. स्वतःच्या बाबतीत त्यांनी कात्री घेतली, सगळ्या पँटींचा उजवा पाय अर्धा इंच वर कापला आणि तुरपाईला बायकोकडे टाकल्या. "कापड आटलंय," ते म्हणाले. ती काही बोलली नाही. याशिवाय पायात मोजा नसताना मोजा घातल्यासारखं वाटायचं, आणि टीप संपवताना मशीन दोन-तीन टाके पुढे जाऊ लागलं होतं. ते टाके मास्तर नखानं उसवून टाकत. बोललं की ते खरं होईल, न बोलता कदाचित आपोआप जाईल, असा त्यांचा हिशेब. शहाण्यासुरत्या माणसांचाही असतो.

"कबूल," मास्तर म्हणाले.

फोन कमरेवर हलता कामा नये असं लेकीनं बजावलं होतं. एवढी आज्ञा मात्र त्यांनी मनापासून पाळली. पँटीच्या पट्ट्यात मागच्या बाजूला त्यांनी फोनच्या मापाचा खिसा शिवला, आत मऊ अस्तर, वर झडप, झडपेला बटण. गल्लीतल्या अर्ध्या माणसांना मिळाले नसतील एवढे चांगले कपडे त्या फोनला मिळाले.

तीन दिवस ते नेहमीसारखे चालले. चौथ्या दिवशी त्यांनी चोरून आकडा बघितला. डाव्या-उजव्यात फरक चौदा टक्के. फोनवरची चौकट पिवळी, आणि तीही लालीकडे झुकलेली. मास्तर मोरीच्या दाराला कडी लावून स्टुलावर बसले होते, ते बराच वेळ उठले नाहीत. मोटरचं मशीन त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्यामागं आणखीही काहीतरी उभं होतं, पण तिकडे त्यांनी बघितलं नाही.

मग त्यांच्यातला शिंपी जागा झाला. फरक? दोन बाजूंतला फरक मिटवणं हाच तर आपला धंदा. आपण जन्मभर केलं काय?

दुपारी मास्तरीणबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी बुटाचा तळ कागदावर उतरवून घेतला. कोटाच्या छातीत घालतात त्या जाड कॅनव्हासचे दोन थर, मध्ये खांद्याचा कापूस, वर ओळीनं टिपा. कड सुटू नये म्हणून भोवती दुहेरी शिवण. कुणी बघणार नव्हतं तरी शिवण मारली ती पाहुण्याला दाखवावी अशी. ती गादी त्यांनी उजव्या बुटात सरकवली आणि गल्लीत फेरी मारून आले. पहिल्या ट्रायलला पाय जरा उंच पडला. कापूस काढला. दुसऱ्या ट्रायलला टाच बरोबर, पंजा सैल. पंजाशी एक पट्टी वाढवली. आणि चालताना मनातल्या मनात मशीनचा ठेका धरला, टक-टक, टक-टक, दोन्ही पाय सारख्या वेळानं. ठेक्यात तर मास्तरांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आकडा उतरला. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच. मास्तर रोज सकाळी छाती काढून निघत. गल्लीच्या तोंडावरच्या न्हाव्यानं एकदा वस्तरा थांबवून विचारलं, "मास्तर, कुणाच्या स्वागताला निघालात?" पण ठेका चुकला असता म्हणून मास्तर थांबले नाहीत. पाचाचे दोन झाले. बाराव्या दिवशी शून्य. तेराव्यालाही शून्य, चौदाव्यालाही शून्य.

पंधराव्या दिवशी लेक आली, तिनं फोन बघितला आणि ती खुर्चीत बसलीच. चौकट हिरवीगार. फरक शून्य.

"बाबा!" तिचे डोळे भरून आले. "मी किती घाबरले होते. आठवडाभर झोप नव्हती मला." तिनं बापाला मिठी मारली. मास्तरांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि नजर छताकडे ठेवली. इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं सुटल्यासारखंही. मास्तरीणबाईंनी फोन हातात घेऊन हिरव्या चौकटीकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं, आणि दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "छान."

एवढ्यावर भागलं असतं तर मास्तर सुटले असते. पण तिसऱ्या दिवशी लेक उड्या मारत आली. तिनं तो आकडा दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवला होता. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बारा वर्षांत हजारो माणसांची चाल बघितली, धडधाकट तरुणांची बघितली, पण शून्य फरकाचा माणूस बघितला नाही. कोण आहेत हे गृहस्थ? शनिवारी साखरेच्या पेशंटांसाठी माहितीचा कार्यक्रम आहे, त्यांना चालून दाखवायला बोलवा.

"मी? नाही बुवा," मास्तर म्हणाले. "बँडवाल्यांचे अकरा कोट घेतलेत मी. वेळ कुठाय?"

"तासाभराचं काम आहे, बाबा. नुसतं चालायचं."

"जा की," मास्तरीणबाई खुर्चीतून म्हणाल्या. "शून्य मिळवायला एवढे कष्ट घेतलेत. चार माणसांना दाखवायला नको?"

मास्तरांनी बायकोकडे चमकून बघितलं. ती काजं करत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

शनिवारी मास्तर आपला करडा सूट घालून गेले. खरं सांगायचं तर तोवर त्यांचा नकार पातळ झाला होता. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर शिंपीही चढतो. बुटांना पॉलिश, बुटात गादी, मनात ठेका. दवाखान्याच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस पेशंट खुर्च्यांवर बसले होते, आणि मास्तरांची नजर आपोआप कामाला लागली. तिसऱ्या खुर्चीतल्या गृहस्थांचा डावा गुडघा गेलाय. खिडकीजवळच्या बाई टाच टेकत नाहीत. मास्तरांना फार बरं वाटलं. इतक्या वाकड्या पायांत आपण एकटे सरळ.

हॉलच्या मधोमध जमिनीवर पांढऱ्या कागदाची लांबलचक पट्टी अंथरली होती. पलीकडच्या टोकाला तिकाटण्यावर फोन लावून लेक तो नीट करत होती. डॉक्टरबाई उंच, चष्म्यातून गोड हसणाऱ्या. त्यांनी मास्तरांची ओळख करून दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हं, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बूट-मोजे काढा."

"बूट? आम्ही... म्हणजे मी बुटातच चालतो."

"बुटात सगळेच चालतात हो. आम्हाला पाय बघायचाय."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. पण टाळ्या वाजून गेल्या होत्या. ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले, लोकांकडे पाठ करून त्यांनी बूट काढले, काळे मोजे ओढून काढले आणि गादी कुणाला दिसू नये म्हणून मोजे उजव्या बुटात कोंबले. गादी नसली तरी ठेका आहे, असा त्यांनी मनाला धीर दिला. दहाच तर पावलं.

ते चालले. टक-टक, टक-टक. मान ताठ, नजर समोर. पलीकडच्या टोकाला पोचले, शिपायासारखे वळले, आणि परत यायला निघणार तोच त्यांना कागदावर काहीतरी दिसलं. पांढऱ्या पट्टीवर एक पाऊल सोडून एक, सदऱ्याच्या बटणाएवढे लाल ठिपके होते.

मास्तर थांबले. त्यांना मनापासून वाईट वाटलं. खुर्च्यांवरच्या लोकांकडे वळून ते म्हणाले, "अहो, कुणाच्या तरी पायाला लागलंय बघा. रक्त येतंय. माझं राहू द्या, आधी त्यांचं बघा."

मास्तर एकेकाच्या पायांकडे बघत गेले. बूट, चपला, बूट, चपला. त्या हॉलमध्ये अनवाणी माणूस एकच होता.

लेक तिकाटणं सोडून पुढे झाली. तिनं बापाला खुर्चीत बसवलं, जमिनीवर बसून त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. अंगठ्याच्या खाली, जिथं सगळा भार पडतो तिथं, कातडं फुटून लाल खड्डा पडला होता.

आत तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी दिवा ओढून घेतला आणि त्या पायाशी बसल्या. मास्तर छताकडे बघत होते.

"दुखतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

दुखावं असं मास्तरांना जन्मात कधी जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं आत्ता वाटलं. "थोडं," ते म्हणाले. "हो, दुखतंय थोडं. आत्ता तुम्ही दाबलंत तेव्हा."

"मास्तर," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी अजून हात लावलेला नाही."

लेकीनं तोवर बूट उलटा केला होता. मोजे पडले, मागून गादी पडली. तिनं ती उजेडात धरली. कडेच्या दुहेरी शिवणीवर, बरोबर अंगठ्याच्या जागी, वाळलेल्या रक्ताचा डाग होता. डॉक्टरबाईंनी गादी हातात घेऊन फिरवून बघितली.

"टाका फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "तोच टोचलाय."

मास्तरांनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी गादी दिली. मास्तरांनी सवयीनं शिवणीवरून अंगठा फिरवला. प्रत्येक टाका अंगठ्याला वेगळा कळत होता. एका इंचात बारा. कापडात एक दोरा जाड असला तरी ज्या माणसाला डोळे मिटून सांगता यायचं, तो हे टाके बारा दिवस पायाखाली घेऊन गल्लीतून मिरवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्या दोन अंगठ्यांतला फरक मास्तरांना त्या खुर्चीत पहिल्यांदा कळला, आणि ते घाबरले.

"माझ्याशी खोटं बोललात तुम्ही," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"बोललो कुठं? शिवलं फक्त."

"बाबा, चेष्टा नको!" आणि मग ती रडायलाच लागली. "मी पण कसली मेली हुशार. आकडा बघितला आणि नाचले. रोज शंभर लोकांचे पाय हातात घेते, तुमचा एकदा घेतला असता तर?"

लेकीला असं रडताना त्यांनी ती शाळेत होती तेव्हा बघितलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण हातात ती गादी होती.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. जखम कातड्यापुरती आहे, नशीब. अजून पंधरवडा असेच मिरवला असतात तर हाडापर्यंत गेली असती, मग अंगठा, कदाचित पुढचा पंजाही. आता सहा आठवडे उजवा पाय जमिनीला टेकायचा नाही. मशीनवर तर नाहीच नाही. आणि फोनचं म्हणाल तर फोनचा दोष नाही. तुम्ही जे चाललात ते त्यानं इमानानं मोजलं.

घरी आल्यावर मास्तरांचा पाय स्टुलावर उशीवर चढला आणि सगळी गल्ली बातमीला आली. न्हावी बातमी घेऊनही गेला. टेबलावर बँडवाल्यांचे अकरा कोट कापून पडले होते, एकाला बाह्या नाहीत, एकाला कॉलर नाही. लेकीनं मोटरच्या मशीनसाठी दुकानदाराला फोन लावला.

"ठेव तो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मोटर नको. मी आहे."

"आई, तू? तू कधी मशीनवर बसलीस?"

"बसायचं यांनाच आहे. पाय माझा. सदतीस वर्षं हातानं शिवतेय, पाय रिकामेच आहेत."

त्यांनी एक स्टूल ओढून मास्तरांच्या स्टुलाला चिकटवलं आणि पायाखालच्या लोखंडी फळीवर उजवा पाय ठेवला. मास्तरांचा पाय पलीकडे उशीवर, हात कापडावर. पहिल्याच टिपेला सुई बाहीवरून निघाली ती सरळ कोटाच्या खिशात शिरली.

"अगं थांब! थांब म्हणतो ना!"

"आधी सांगायचं."

"आधी काय सांगायचं? वळण दिसत नाही?"

"मला तुमचा कोपर दिसतो. ओरडू नका. पाय आहे माझा, नोकर नाही."

पहिला आठवडा मास्तरांनी शिवण्यापेक्षा उसवलंच जास्त. मोठी अडचण अशी की, पायाला काय सांगायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आजवर त्यांनी पायाला कधी काही सांगितलं नव्हतं. हात वळला की पाय आपोआप वळायचा. आता प्रत्येक गोष्ट तोंडानं सांगावी लागायची. हळू. आता चल. दोन टाके. बस. आणि आयुष्यभर दुनियेवर अखंड बोलणाऱ्या मास्तरांना चार साधे शब्द वेळेवर सुचेनात.

तिसऱ्या आठवड्यात जरा सूर लागला. मास्तरीणबाई त्यांच्या मनगटावर नजर ठेवून वळणाआधीच पाय सैल सोडू लागल्या. एका दुपारी अख्खी कॉलर एका दमात झाली. मास्तरांनी ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"बरी आहे," ते म्हणाले. मास्तरांकडून एवढं म्हणजे खूप झालं. मग कॉलर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"तुरपाई कोण करतं या घरात?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "कापड आटलं की दोन्ही पायांना आटतं. एकट्या उजव्यालाच आटलेलं कापड मी पहिल्यांदा बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. मग ते शून्य आलं, तेव्हा राग आला. म्हटलं, जाऊ देत दवाखान्यात, चारचौघांत उघडे पडू देत." मास्तरीणबाईंनी फळीवरून पाय उचलला. "पाय फुटला असेल हे मला नव्हतं माहीत. चूक माझीही आहे." मास्तरांनी दुसरी कॉलर पुढे ओढली. बराच वेळ दोघं शिवत राहिली.

सहा आठवड्यांनी जखम भरली. अकराच्या अकरा कोट त्याआधीच बँडवाले घेऊन गेले होते. डॉक्टरबाईंनी तळवा निरखून बघितला, दाबून बघितला आणि सांगितलं की दिवसाला अर्धा तास पायमशीन चालेल, मऊ बूट घालून, आणि रोज संध्याकाळी आरशात तळवा बघायचा. लेकीनं सुटकेचा श्वास सोडला. मास्तर तर दवाखान्यातून जवळजवळ पळतच निघाले, तिनं दंड धरून आवरलं म्हणून.

घरी पोचताच मास्तरीणबाईंनी आपलं स्टूल बाजूला उचलून ठेवलं, नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि काजांचं काम हातात घेतलं. मास्तर मशीनवर बसले. त्यांनी चिंधीचा एक तुकडा सुईखाली घेतला, नवा मऊ बूट फळीवर ठेवला आणि ठेका धरला. मशीन चाललं. एक रेघ सरळ आली. टोकाशी त्यांनी पायाला थांबायला सांगितलं, आणि सुई तीन टाके पुढे गेली.

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. पुन्हा तीन टाके पुढे. तिसऱ्यांदा चार.

मास्तरांनी वाकून खाली बघितलं. पाय फळीवर होता. दिसत होता. पण तो तिथं आहे, दाबतोय की नुसता ठेवलाय, हे डोळ्यांनी बघेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. नखानं ते जास्तीचे टाके उसवून टाकायला त्यांचा हात गेला. मास्तरीणबाई काजं करत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं. उसवले असते तर कुणाला कळलं नसतं. मास्तरांनी हात मागे घेतला.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"इकडे ये जरा. स्टूल घेऊन ये."

"डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय की."

"दिलीय. पण मला कळत नाही गं." एवढं म्हणून ते थांबले, मग बाकीचं भराभर बाहेर आलं. "पाय कुठं आहे, किती दाबतोय, काही कळत नाही. जखम बरी झाली तरी कळत नाही. थंडी संपली तेव्हापासून असंच आहे. मला भीती वाटते."

मास्तरीणबाईंनी काजं बाजूला ठेवली. स्टूल आणून त्यांच्या स्टुलाला लावलं आणि त्यांच्या बुटाशेजारी फळीवर आपला पाय टेकवला.

"सरका थोडं," त्या म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. "आणि आत्ता जे बोललात ते परत बोला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा 'कळत नाही' म्हणालात. पोरीला फोन लावते, तिलाही ऐकू दे."

मास्तर सरकले. लेकीनं फोन उचलला तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि सगळं परत, पहिल्यापासून, सांगायला सुरुवात केली.